लाल गोळी

बाबा थकले, असं गावात सगळे म्हणायचे. म्हणायचे तेही असं सहज, जसं म्हैस व्याली किंवा लाइट गेली म्हणावं. थकणारच, वय झालं, हार्ट अटॅक येऊन गेलेला माणूस आता काय तलावात सूर मारणार का? मला त्या शब्दाचाच राग यायला लागला होता, कारण थकलेल्या माणसाला एसटीत चढवून दवाखान्यात न्यायचं काम माझ्याकडे होतं.

माझं सासर गोंडपिपरीला, माहेर पोंभुर्ण्याकडच्या एका गावात आणि हार्टचा दवाखाना चंद्रपूरला. बाबांची तारीख आली की शिलाईचे ब्लाऊज मशीनवर तसेच टाकायचे, माहेरी जायचं, बाबा आणि माय या दोघांना घ्यायचं आणि मग चंद्रपूर. विक्की, माझा नवरा, चांगला माणूस आहे. "जा ना, कोन अडवते तुले," म्हणतो आणि त्यालाच मदत समजतो. भाऊ असता तर हे सगळं त्याच्या गळ्यात असतं आणि मी सासरी बसून त्याच्याच चुका काढल्या असत्या.

पण प्रफुल पंधराव्या वर्षीच गेला. सिकलसेल. आमच्या भागात आता या आजाराचं नाव शाळेतल्या पोरांनाही पाठ असतं. रक्तातला दोष, आईबापाकडून येतो. ज्याला आजार आहे त्याला लाल कार्ड मिळतं, ज्याच्या रक्तात नुसता दोष आहे पण आजार नाही त्याला पिवळं. प्रफुल गेल्यावर आम्हा सगळ्यांची तपासणी झाली. माय आणि बाबा दोघंही पिवळे निघाले, मी पांढरी, म्हणजे रक्तात दोषच नाही. तेव्हा गावात आलेल्या शिबिरातल्या माणसानं माईकवर एक गोष्ट दहादा सांगितली होती, की सिकलसेलच्या पेशंटला मनानं लोहाच्या गोळ्या देऊ नका. माझ्या मायनं ती गोष्ट अशी धरून ठेवली, की आमच्या घरात लोखंडाची कढईसुद्धा भाजीला वापरायची बंद झाली. मी हसायचे. माय हसायची नाही.

बाबा ढिवर. उभा जन्म गावच्या मामा तलावात, म्हणजे जुन्या मालगुजारी तलावात, जाळं टाकण्यात गेला. अटॅक आल्यावर पाण्यात उतरणं बंद झालं, तरी सकाळी तलावाच्या पाळीवर जाऊन बसायचे, कोणाचं जाळं कुठं फाटलं ते ओरडून सांगायचे. मग तेही कमी झालं. पाळ आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. तेवढ्यात ते आधी बोअरिंगपाशी थांबायचे, मग वाटेवरच्या बायनाबाईच्या ओट्यावर बसायचे, आणि गेल्या उन्हाळ्यापासून ओट्यावरूनच परत फिरायला लागले. घरी जाळं विणायला घेतलं तर मांडीवर जाळं तसंच आणि मान खाली. पाय सुजलेले. चार शब्द बोलले की दम. मला त्यांना तसं बघवत नव्हतं आणि नुसतं बघत बसायला वेळही नव्हता.

चंद्रपूरला डॉक्टर संघप्रिया नावाची नवी मॅडम आली तेव्हा पहिल्यांदा कोणी या थकण्याला नुसतं मान डोलवून सोडून दिलं नाही. तिनं रक्त तपासलं आणि मला म्हणाली, "यांचं हृदय कमजोर आहे ते आहेच. पण शरीरात लोह फार कमी आहे. अर्धं थकणं त्याचं असेल." मला इतका आनंद झाला की काय सांगू. वयाला औषध नाही, लोहाला तर आहे. तिनं लाल गोळी बाबांच्या हातावर ठेवून दाखवली, चहासोबत घ्यायची नाही म्हणून बजावलं आणि म्हणाली, "हिच्यामुळे शौचाला काळी होईल, घाबरू नका. तीन महिन्यांनी या."

गोळ्यांचा सगळा कारभार मायकडे. सकाळ-संध्याकाळ ती पाकिटं फोडून तळहातावर गोळ्या काढायची, बाबा तिच्या हातून घ्यायचे, तोंडात टाकायचे, वर पाणी. मी फोनवर विचारायचे, "गोळ्या देतेस ना?" ती म्हणायची, "देतो ना व. तेच तं करून राह्यली दिवसभर."

तीन महिन्यांनी आम्ही परत गेलो तेव्हा बाबांना एसटी स्टँडवरून ऑटोपर्यंतसुद्धा चालवेना. मी एका हातात पिशवी, एका हातात बाबा, आणि माय मागून, "हळू ने, हळू ने," करत. हळूच नेत होते. याच्यापेक्षा हळू नेलं असतं तर आम्ही तिथंच उभे राहिलो असतो.

मॅडमनं रक्ताचा रिपोर्ट पाहिला आणि तिचा चेहरा उतरला. रक्त वाढायचं सोडून अजून कमी झालं होतं.

"भाऊ, लाल गोळी रोज घेता ना?"

बाबांनी मान हलवली.

"शौचाला काळी होते?"

"होते जी. डांबरावानी."

"म्हणजे गोळी पोटात जाते आहे, अंगी लागत नाही," मॅडम माझ्याकडे वळून म्हणाली. "कमजोर हृदयाच्या पेशंटमध्ये असं होतं. आतडी सुजलेली असतात, लोह ओढून घेत नाहीत. अशा वेळी लोह शिरेतून द्यायचं, सलाईनसारखं. आजच देऊ. त्यानं यांना चालायला बळ येईल, दम कमी लागेल." मग लिहिता लिहिता म्हणाली, "काळी होते ते गोळीमुळेच. गोळी न खाता अशी काळी होत असती ना, तर मी यांना घरीच जाऊ दिलं नसतं. रक्त पातळ ठेवायच्या दोन-दोन गोळ्या चालू आहेत. आत कुठेतरी रक्त जात असेल असंच समजले असते."

हे मी ऐकलं. बाबा तिथंच स्टुलावर बसले होते, त्यांनीही ऐकलं. मायनं मात्र 'लोह शिरेतून' एवढंच ऐकलं आणि तिथून पुढं तिचे कान बंद झाले. ते मला तिच्या तोंडावरून तेव्हाच कळायला हवं होतं, पण मी बाबांची चप्पल शोधत होते.

वॉर्डात पलंग मिळाला. बाबा आडवे झाले. नर्सनं ट्रे आणला, बाटली आणली, आणि माय उठून पलंगाच्या आणि नर्सच्या मधोमध उभी राहिली.

"लोह नाई चढवाचं."

नर्स म्हणाली, "मॅडमनं लिहून दिलं आहे, बाई."

"लिहू द्या. आमच्या घरी सिकल हाय. आमच्या घरी लोह चालत नाई."

मी म्हटलं, "माय, बाजूले हो." ती हलली नाही. आजूबाजूच्या पलंगांवरचे लोक उठून बसायला लागले. आमच्याकडे दवाखान्यात टीव्ही नसतो, लोक एकमेकांनाच बघतात. मला लाज वाटली, आणि लाज वाटली की माझा आवाज चढतो.

"बाबाचं कार्ड पिवळं हाय. पिवळ्याले चालते. आन् तीन महिने रोज लोहाची गोळी खाल्ली तवा काई झालं नाई, आता बाटलीनं काय होते?"

"खाल्लीच नाई," माय म्हणाली.

"काय?"

"लाल गोळी म्या देल्लीच नाई. एक बी नाई. चुलीत टाकल्या."

मला आधी एसटी आठवल्या. खरंच सांगते, बापाचा विचार नंतर आला. आधी आठवल्या त्या सगळ्या फेऱ्या, उभ्यानं काढलेला तो प्रवास, परत द्यायचे राहिलेले ब्लाऊज, बायकांची बोलणी, आणि या बाईनं घरी बसून गोळ्या चुलीत घातल्या. मी काय काय बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. तुला नवरा जड झाला का, इथपर्यंत बोलले. ती ऐकत उभी राहिली. बाबा छताकडे बघत होते. नर्स ट्रे घेऊन परत गेली, तिला दुसरी कामं होती.

बोलून बोलून मीच दमले आणि पलंगाच्या कडेला बसले. तेव्हा कुठं माझं डोकं चाललं.

"माय, मंग काळं काऊन होते?"

"काय मालूम. तुहीच डॉक्टरीण म्हणे का होते म्हणून."

"ते गोळीनं होते. गोळी तं खाल्लीच नाई ना बाबानं."

मायला काही कळलं नाही. मला कळलं. मी अनवाणीच ओपीडीकडे पळाले. मॅडमच्या दारात ही रांग. रांगेतल्या लोकांनी शिव्या दिल्या, त्यांचं काही चुकलं नाही, मीही दिल्या असत्या. मी दार ढकलून तिथूनच सांगितलं, "मॅडम, बाबानं गोळ्या खाल्ल्याच नाहीत. एकही नाही. आणि काळी तर होतेच आहे."

तिनं पेन खाली ठेवलं. मला वाटलं होतं ओरडेल. ती ओरडली नाही. सकाळपासून बसून तीही दमली असावी. "केव्हापासून काळी होते आहे?" एवढं विचारलं आणि उठलीच.

त्यानंतरचे दोन दिवस मला सलग आठवत नाहीत. बाबांना भरती करून घेतलं. दुसऱ्या दिवशी तोंडातून दुर्बीण घालून पोट पाहिलं, तेव्हा जठरात जखम दिसली. हृदयासाठी रक्त पातळ करणाऱ्या ज्या गोळ्या होत्या, त्यांनीच ती झाली होती आणि तिथून थेंब थेंब रक्त झिरपत होतं, किती महिने कोण जाणे. मॅडमनं दोनातली एक गोळी बंद केली आणि जखम भरायचं औषध सुरू केलं. लाल गोळ्या चालू असत्या तर काळ्या रंगावरून हे आत्ता ओळखूच आलं नसतं, असं ती मला म्हणाली. आणि लगेच म्हणाली, "पण म्हणून तुमच्या आईनं केलं ते बरोबर केलं असं मी म्हणणार नाही."

"गळती थांबेल," ती म्हणाली, "पण टाकी रिकामी झाली आहे. लोह द्यावंच लागेल. आणि ते शिरेतूनच."

"नाही दिलं तर?"

"कमजोर हृदय एवढ्या कमी रक्तावर किती दिवस ओढणार? यावेळी तुम्ही त्यांना इथवर चालवत आणलं. पुढच्या वेळी आणता येईल का, मला सांगता येत नाही."

मी जाऊन बाबांना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुह्या मायले इचार. ते हो म्हणन तं लावा."

"बाबा, जीव तुमचा हाय."

"हाय ना. पन तिले इचार."

कपाळाला हात लावणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी समजलं. एक माणूस मरायला टेकलेला, त्याच्यावरचं औषध दहा पावलांवर कपाटात पडलेलं, आणि सगळं अडलं होतं ते एका बाईच्या मानेच्या होकारावर.

माय दवाखान्याच्या मागं नळावर डबा घासत होती. तिथं पेशंटचे नातेवाईक चूल मांडून भात शिजवतात, सगळीकडे धूर. मी तिच्या शेजारी उकिडवी बसले आणि मला जेवढं जमलं तेवढं शांतपणे सांगितलं. पिवळं कार्ड म्हणजे आजार नाही. पिवळ्या माणसालाही लोह कमी पडू शकतं, पडलं तर द्यावं लागतं. मॅडम बाजूलाच उभी राहणार आहे. नाही दिलं तर बाबा जगत नाहीत.

"त्या वक्ती दवाखान्यातल्यायनंच उलटं सांगतलं होतं," ती म्हणाली.

"कोन्या वक्ती?"

तिनं डबा घासायचा थांबवला नाही. राखेनं घासून चकचकीत झालेला डबा ती परत घासत होती. आणि तसंच, खाली बघत, तिनं मला जे सांगितलं ते मी आजवर ऐकलं नव्हतं.

प्रफुल आजारी पडायला लागला तेव्हा सिकलसेल कोणाला माहीत नव्हतं. पोरगा पिवळा दिसायचा, खेळताना दमायचा, हातपाय दुखतात म्हणून रडायचा. मायला वाटलं, रक्त कमी आहे. बायनाबाईच्या सुनेकडे बाळंतपणातल्या रक्तवाढीच्या गोळ्या उरल्या होत्या, त्या तिनं मागून आणल्या. लाल गोळ्या. कडू लागते म्हणून पोरगा घेईना, तर गुळात दडवून द्यायची. रोज द्यायची, कोणाला न सांगता, कारण बाबा म्हणाले असते की डॉक्टरला विचारल्याशिवाय काही देऊ नको. मग एक दिवस त्याला ताप भरला, छातीत दुखायला लागलं, श्वास घेता येईना. दवाखान्यात नेलं. तिथं रक्त तपासलं आणि सिकलसेल निघाला. मायच्या पिशवीत गोळ्यांचं पाकीट होतं. बाबा बाहेर गेले होते तेव्हा तिथल्या एका नर्सनं ते पाहिलं आणि वॉर्डातल्या सगळ्यांसमोर बोलली.

"काय बोलली?"

"म्हणे, लोहाच्या गोळ्या देता याले? मारून टाकता का पोराले?"

त्याच आठवड्यात प्रफुल गेला.

"म्या मारलं त्याले, रंजीता," माय म्हणाली. "गूळ लावून लावून मारलं. आता यायले बी मारू का?"

परवा वॉर्डात मी हिला काय काय बोलले होते ते आठवलं आणि तिथंच जमिनीत जावं असं वाटलं. आमच्या घरात एकमेकांना जवळ घ्यायची रीत नाही. मी तिच्या हातातून डबा काढून घेतला आणि विसळला. मला तेवढंच करता आलं.

खरं सांगायचं तर मलाही माहीत नव्हतं. मारलं नाही, असं मी तिला कशाच्या जोरावर सांगणार होते? मी ब्लाऊज शिवणारी बाई. मी म्हटलं, "चाल, मॅडमले इचारू."

"नाई. तिनं हो म्हटलं तं?"

हा प्रश्न तिनं इतकी वर्षं कोणाला का विचारला नव्हता, ते मला त्या एका वाक्यात कळलं.

दुपारनंतर मॅडम वॉर्डात आली. बाबांची नाडी बघितली, पोट दाबलं, आणि माझ्याकडे बघितलं, काय ठरलं म्हणून. मी मायकडे बघितलं. माय भिंतीला टेकून खाली बसली होती. ती गुडघ्यावर हात टेकवून उठली.

"बाई, एक गोष्ट इचारू का?"

"विचारा ना."

तिनं विचारलं. नळावर मला सांगितलं होतं तेवढं नाही, चार वाक्यांत. पोराला सिकल होता, तो आम्हाला मालूम नव्हता, मी त्याला महिनाभर लाल गोळ्या दिल्या, तो गेला. "त्या गोळ्यायनं गेला का?"

मॅडमनं लगेच उत्तर दिलं नाही, आणि मला तिचा राग आला. नाही म्हणायला इतका वेळ लागतो का? पण ती विचारत बसली. ताप होता का? छातीत दुखत होतं? श्वास लागला होता? किती दिवसांत झालं? माय एकेकाचं उत्तर देत होती. मग मॅडम पलंगावर, बाबांच्या पायाशी बसली.

"प्रेमिलाबाई, सिकलच्या मुलांमध्ये असं होतं. छातीत जंतू होतात, फुप्फुसाच्या नसा त्या वाकड्या पेशींनी भरतात. बाळंतपणाच्या गोळ्या खाऊन असं होत नाही. त्याला त्या गोळ्यांची गरज नव्हती, हे खरं. वर्षानुवर्षं दिल्या असत्या तर त्रास झाला असता. पण महिनाभर रोज एक गोळी खाऊन तुमचा मुलगा गेला नाही. तुम्ही एकही दिली नसती तरी तो आजार तसाच आला असता."

"नक्की?"

"नक्की."

"देवाची आन घेऊन सांगा."

मॅडम म्हणाली, "मी देव मानत नाही, बाई. माझ्या लेकीची शपथ घेते. चालेल?"

मायनं पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "लावा मंग."

बाबांनी संमतीच्या कागदावर आपली वाकडीतिकडी सही केली. नर्सनं सुई लावली. गडद तपकिरी पाणी नळीतून उतरायला लागलं. मॅडम थोडा वेळ उभी राहिली, खाज सुटली किंवा छातीत घाबरं वाटलं तर लगेच सांगा म्हणाली आणि पुढच्या पलंगाकडे गेली. माय स्टुलावर बसली. बाटलीकडे तिनं एकदाही बघितलं नाही, बाबांच्या तोंडाकडेच बघत होती.

"खाजते का?"

"नाई."

"जीव घाबरते का?"

"नाई व."

"आता?"

"नाई म्हटलं ना. बस निवांत."

बाटली अर्धी झाली असेल. मला वाटलं बाबा झोपले. ते डोळे मिटूनच बोलले.

"मले मालूम होतं."

"काय?" माय म्हणाली.

"लाल गोळी तू देऊन नाई राह्यली ते. बाईनं मले दाखवली होती ना हातावर ठेवून. तुह्या हातावर एक डाव बी दिसली नाई."

मी ताडकन उठले. "बाबा! मग परवा मॅडमनं इचारलं तवा मान काऊन हलवली? गोळी न खाता काळी झाली तं रक्त जाते म्हणे, ते ऐकलं ना तुमी?"

"ऐकलं."

"मंग?"

"बोललो असतो तं हिले सांगा लागलं असतं," ते म्हणाले. "गोळी काऊन नाई देल्ली ते. एवढ्या लोकायसमोर."

त्यांना दम लागला, ते थांबले. माझा बाप आपलं रक्त जाऊ देत गप्प बसला होता, बायकोला चार लोकांत तोंड उघडायला लागू नये म्हणून. मला त्याचा राग आला, आणि त्याच्या पायावर डोकं ठेवावं असंही वाटलं. दोन्ही एकदमच.

माय मात्र वेगळ्याच ठिकाणी अडली होती. ती हळू आवाजात म्हणाली, "म्हंजे प्रफुलचं बी मालूम होतं तुमाले?"

"गूळ संपे जलदी. तवाच पाह्यलं होतं."

"तवापासून मालूम होतं?"

"हो."

"आन् मले एक डाव बी म्हटलं नाई?" तिचा आवाज फुटला. पलीकडच्या पलंगावरची बाई वळून बघायला लागली. "एवढे वर्सं म्या एकटीनं भोगलं. एक डाव म्हणाचं होतं ना तुमी, का प्रेमिला, तुह्या हातून नाई झालं!"

बाबांनी डोळे उघडले.

"कसा म्हणू," ते म्हणाले. "मले बी आजच समजलं."

मायनं तोंडाला पदर लावला. मी खिडकीपाशी जाऊन उभी राहिले, कारण त्या दोघांच्या मध्ये मला जागा नव्हती. लेकाला आपल्या बायकोनंच मारलं असं समजून हा माणूस इतकी वर्षं तिच्या हातचं जेवला होता, तिच्या तळहातावरून गोळ्या उचलून बिनबोभाट तोंडात टाकत होता. आणि ती, याला काहीच माहीत नाही असं समजून, त्याच्याच घरात तोंड चुकवत जगली होती. माझ्या डोळ्यांदेखत. मला यातलं काही म्हणजे काही दिसलं नव्हतं.

बाटली संपली. नर्स आली, तिनं सुई काढली आणि कापूस देऊन म्हणाली, "दाबून धरा दोन मिनिटं." मायनं बाबांचा हात मांडीवर घेतला आणि कापसावर अंगठा दाबून बसली. रक्त केव्हाच थांबलं होतं. बाबा म्हणाले, "सोड आता." तिनं सोडला नाही.